रुग्ण उचलताना

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मंडळाच्या रुग्णसेवा पथकाच्या वतीने केलेले भाषण)



ह्या व्याख्यानमालेत आतापर्यंत साहित्य, संगीत आणि नाट्य ह्या विषयांवर विद्वानांची भाषणे झाली. त्यांच्या पंक्तीला आमचा विषय काहीसा विजोड दिसेल, ह्याची आम्हांस जाणीव आहे. रुग्णाला चाकांच्या स्ट्रेचरवर घेतल्यावर ते स्ट्रेचर अनेकांनी मिळून वर कसे उचलावे आणि खाली कसे ठेवावे, एवढाच आमचा विषय. 'ह्यात सांगण्यासारखे ते काय? दोघांनी धरले, उचलले, ठेवले,' असे कोणास वाटले तर नवल नाही. पथक सुरू झाले तेव्हा आम्हांसही तसेच वाटत होते. तो समज कसा गळून पडला आणि त्यापायी कोणास काय सोसावे लागले, हे सांगण्यासाठी आज आम्ही आपणापुढे उभे आहोत.

आपल्या ह्या पोलादनगरीत कारखान्याच्या निमित्ताने देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. निवृत्तीनंतर पुष्कळांनी येथेच घरे केली. मुले मात्र पुण्याला, बंगळूरला, कोणी परदेशी गेली. मागे राहिले वृद्ध पती-पत्नी आणि उद्वाहकाची सोय नसलेल्या तीन मजली इमारतींचे अरुंद जिने. ही अडचण ओळखूनच मंडळाने देणगीदारांच्या साहाय्याने रुग्णवाहिका घेतली. २००५ साली आंध्र प्रदेशात १०८ क्रमांकाची तातडीची सेवा सुरू झाली आणि पुढे ती अनेक राज्यांत पसरली. अपघात आणि आणीबाणी ह्यांचा भार तिने उचलला. आमच्या वाट्यास उरले ते तातडीचे नसलेले, पण नित्य लागणारे काम: डायलिसिसला नेणे, प्लास्टर घातलेल्याला घरी आणणे, रुग्णालयातून सुटी मिळालेल्याला त्याच्या पलंगापर्यंत पोचवणे. घाई नसलेल्या ह्या कामात धोकाही नसावा, असा आमचा भाबडा ग्रह होता.

पुढील निवेदन समजण्यासाठी आमच्या ट्रॉलीची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. रुग्णाचे डोके असते ती उशाची बाजू आणि पाय असतात ती पायथ्याची, असे आम्ही म्हणतो. ट्रॉली गाडीत उशाच्या बाजूने जाते. त्या टोकाला दोन लहान चाके असतात, ती प्रथम गाडीच्या तळावर टेकतात. ट्रॉली आत ढकलली जाऊ लागली की उशाकडील आधारपाय दुमडतात आणि मग पायथ्याकडील. बाहेर काढताना क्रम उलटा होतो: आधी पायथ्याकडील आधारपाय उलगडून जमिनीस लागतात आणि शेवटी उशाकडील. ते पूर्ण उलगडून त्यांची खीळ बसली, तरच ट्रॉली उभी राहते. खीळ बसण्यापूर्वी लहान चाकांनी गाडीचा तळ सोडला, तर उशाकडील बाजू, म्हणजे रुग्णाचे डोके आणि छाती, सरळ खाली येते.

आमच्या हातून नेमके हेच घडले.

२०११ सालच्या आषाढातील रात्र. पावसाची झड लागलेली. हृदयविकाराने आजारी असलेल्या एका आजींना आम्ही रुग्णालयात नेले होते. गाडी दारापाशी लागली. पायथ्याकडे आमच्यापैकी एक जण आणि मदतीस धावून आलेला रुग्णालयाचा एक सेवक, असे दोघे होते. उशाशी होते आमच्या पथकातील ज्येष्ठ सहकारी. त्यांना आम्ही सारे काका म्हणतो. ट्रॉली बाहेर येऊ लागली तेव्हा उशाकडील आधारपाय अर्धवटच उलगडले आहेत, हे काकांनी पाहिले. ते ओरडले, "खाली! खाली!" खाली पाहा, एवढेच त्यांना म्हणायचे होते. तो सेवक हिंदी भाषक. हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामे. मागची वाट मोकळी आहे, असे तो समजला आणि त्याने ट्रॉली जोराने ओढली.

उशाकडील बाजू खाली कोसळली. काकांनी दोन्ही हात आणि एक गुडघा तिच्याखाली घातला. जमीन वीतभर उरली असता ती थांबली. आजींच्या कोपराला मार बसला. काकांच्या कमरेच्या मणक्यांमधील चकती सरकली ती कायमचीच; त्या रात्रीनंतर त्यांनी पाण्याची भरलेली बादलीही उचललेली नाही.

त्या सेवकाचा येथे काहीच दोष नव्हता. त्याने कानी पडलेल्या शब्दाचा आपल्या भाषेतील अर्थ अगदी बरोबर घेतला होता. दोष आमचा होता. कोणी बोलायचे, कोणत्या शब्दांत बोलायचे आणि कोणाचे ऐकायचे, हे आम्ही कधी ठरवलेच नव्हते.

तीन महिन्यांनी त्याच आजींना पुन्हा तपासणीसाठी न्यावयाचे होते. आम्ही गेलो. त्यांनी ट्रॉलीकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "मी चालत उतरते. त्याच्यावर मला निजवू नका." दुसऱ्या मजल्यावरून कठडा धरून त्या उतरल्या. प्रत्येक वळणावर धाप लागे. त्या पायरीवर बसत, पुन्हा उठत. आम्ही रिकामी ट्रॉली घेऊन तळाशी उभे होतो. ज्यांच्यासाठी गाडी घेतली त्यांनाच आमच्यापेक्षा जिना विश्वासाचा वाटावा, ह्याहून मोठा ठपका तो कोणता?

बंधुभगिनींनो, त्या दिवसानंतर आम्ही शिकावयास बसलो. जे शिकलो ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट वजनाची. आमची ट्रॉली सुमारे ४० किलोची. तीवर ६० किलोचा रुग्ण असला, तर एकंदर भार १०० किलो. दोघांनी उचलल्यास प्रत्येकी ५०, असा हिशेब मनात येतो. पण तोही खरा नाही. धड आणि डोके उशाकडे असल्याने त्या बाजूच्या माणसावर अधिक भार पडतो. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षितता व आरोग्य ह्यांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेने १९९१ साली सुधारलेल्या आपल्या सूत्रात, सर्व परिस्थिती अनुकूल असता, एका माणसाने उचलण्याच्या भाराची मर्यादा २३ किलो धरली आहे. रुग्ण हा काही पोते नव्हे. तो हलतो, घाबरतो, आधारासाठी हात टाकतो. म्हणून त्याच संस्थेतील संशोधक थॉमस वॉटर्स ह्यांनी २००७ साली रुग्ण हाताळण्यासाठी ही मर्यादा ३५ पौंड, म्हणजे सुमारे १६ किलो, सुचविली. आता गणित करून पाहा. चौघे असले तरी प्रत्येकाच्या वाट्यास २५ किलो येतात. ह्याचा अर्थ एवढाच, की बाहूंच्या बळावर विसंबणे हा शहाणपणा नव्हे. चाके चालतात तेथे उचलू नये, ट्रॉली लोटावी. आणि उचलणे अटळच असेल तेथे दोघांनी शौर्य न गाजवता चौघांना हाक मारावी. 'आम्ही दोघे पुरे आहोत' हे वाक्य आमच्या पथकात आता निषिद्ध आहे.

दुसरी गोष्ट शरीराच्या ठेवणीची. भार शरीरापासून जितका दूर, तितका कमरेवरचा ताण अधिक. अंतर दुप्पट झाले, तर त्या भारामुळे पडणारा पिळही दुप्पट होतो. म्हणून प्रथम ट्रॉलीच्या अगदी जवळ उभे राहावे. पाय खांद्यांइतके फाकवून पक्के रोवावेत, गुडघ्यांत वाकावे, पाठ सरळ ठेवावी, तळवे वरच्या दिशेस करून दांडा पूर्ण मुठीत धरावा आणि मांड्यांच्या जोराने उठावे. उचललेल्या स्थितीत कमरेत वळू नये. वळायचे तर पावले टाकून सर्व अंगाने वळावे. समोरासमोरचे दोघे शक्यतो सारख्या उंचीचे असावेत आणि अधिक सशक्त माणूस उशाशी असावा. हे नियम ठेवण्याच्या वेळी अधिकच पाळावेत, कारण भार खाली नेताना हात थकलेले असतात आणि मन 'झाले एकदाचे' म्हणून सैल झालेले असते.

तिसरी गोष्ट खिळीची. खीळ बसली की 'खट्' असा आवाज येतो. पूर्वी तेवढ्यावर आमचा भरवसा असे. त्या पावसात तो आवाज आला की नाही, हे आजही कोणी सांगू शकत नाही. आता आम्ही तीन साक्षी मानतो: कानाने आवाज ऐकावा, डोळ्याने खीळ पाहावी आणि हाताने आधारपाय हलवून पाहावा. तिन्ही साक्षी जुळेपर्यंत लहान चाके गाडीच्या तळावरून सुटत नाहीत. गाडीच्या तळाला आता लोखंडी आकडाही बसवून घेतला आहे. ट्रॉली बाहेर येताना तिचा आडवा दांडा त्यात अडकतो आणि आकडा हाताने मोकळा केल्याखेरीज ती पुढे सरकत नाही. आमच्या पहिल्या गाडीत हा आकडा नव्हता. दर रविवारी खिळी, बिजागऱ्या, चाकांचे रबर आणि पट्टे तपासून वहीत नोंद होते.

चौथी गोष्ट उंचीची. उंच केलेली ट्रॉली लोटावयास सोयीची, पण कलंडावयासही तितकीच तयार. रुग्ण वर गेला की गुरुत्वमध्य वर जातो आणि एक चाक रस्त्याच्या खाचेत अडकले, तरी सारा डोलारा आडवा होऊ शकतो. म्हणून खडबडीत जागी ट्रॉलीची उंची कमी करावी, दोन्ही कडांना एकेक माणूस असावा, कडेचे कठडे वर असावेत आणि छाती, कंबर व मांड्या ह्यांवरचे पट्टे बांधलेले असावेत. पट्टा बांधणे म्हणजे अविश्वास नव्हे. आणि रुग्ण ट्रॉलीवर असता तिच्यावरचा हात सर्वांनी एकाच वेळी कधीही काढू नये. चहाच्या पेल्यासाठी तर नव्हेच.

पाचवी गोष्ट जिन्याची. आमच्याकडील जिन्यांवरून चाकांची ट्रॉली वर नेऊच नये, असा आम्ही निर्णय केला. ती खाली थांबते. रुग्णाला खुर्चीवर अथवा कापडी स्ट्रेचरवर उतरवतात. उतरताना पाय पुढे आणि डोके वरच्या बाजूस, हा नियम. येथे अनेक घरांत हरकत निघते: "पाय पुढे करून नेऊ नका हो, अशुभ असते!" ह्या भावनेची आम्ही कधी थट्टा करीत नाही. डोके खालच्या बाजूस गेले तर रक्त डोक्याकडे उतरते, श्वास घेणे जड जाते आणि आपण कोठे जात आहोत हे रुग्णाला दिसत नाही, हे समजावून सांगतो. डोके वर असलेला माणूस वाटेत बोलत राहतो, तक्रारही करतो. ते ऐकले की नातेवाइकांचे मन निवळते.

आता शेवटची आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट: शब्द.

'एक, दोन, तीन' म्हणून उचलण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु तीन म्हणताच उचलायचे, की तीन म्हणून झाल्यावर? आम्ही आपसांत विचारले, तेव्हा निम्म्यांचे उत्तर एक आणि निम्म्यांचे दुसरे निघाले. ह्या अर्ध्या क्षणाच्या फरकात ट्रॉली तिरपी होते. शिवाय येथे ट्रॉलीला लागणारे चार हात चार प्रांतांचे असतात. आमचा चालक तेलुगू भाषक, शेजारी ओडिया, रुग्णालयातील सेवक हिंदी किंवा छत्तीसगढी बोलणारा. 'खाली'ने काय केले ते आपण ऐकलेच. थांबण्यासाठी 'बस' हा शब्द आम्ही सुचवून पाहिला. पण मराठी माणसाला 'बस' म्हटले तर तो खाली बसायचा!

मार्ग दाखवला तो काकांनीच. त्यांची सारी नोकरी कारखान्यात क्रेनखाली गेली. तेथे देशभरचे खलाशी एकत्र राबत, पण भार वर घेण्यास 'हाबेस' आणि खाली सोडण्यास 'आरिया' ह्या दोन हाकांवर कोणाचे कधी मतांतर झाले नाही. जहाजांवरील खलाशांच्या बोलीतून आलेले हे शब्द. 'आरिया'चे मूळ पोर्तुगीज असल्याचे जाणकार सांगतात. ते कोणाच्याच मातृभाषेतले नाहीत, म्हणून सर्वांचे होऊ शकले, आणि एकाचा आवाज दुसऱ्यासारखा नाही. काकांनी क्रेनचा आणखी एक नियम सांगितला: वर-खालीची खूण एकाच माणसाची मानायची, पण थांबण्याची खूण कोणीही केली तरी मानायची.

हाच नियम आम्ही जसाच्या तसा उचलला. उशाशी असलेला माणूस नायक. तो विचारतो, "तयार?" प्रत्येक जण स्वतःच्या तोंडाने "तयार" म्हणतो, मान हलवलेली चालत नाही. मग "हाबेस" किंवा "आरिया". आणि "स्टॉप" हा शब्द सर्वांच्या मालकीचा: चालकाच्या, नातेवाइकाच्या, काल आलेल्या मुलाच्या, आणि स्वतः रुग्णाच्याही. नवा मदतनीस हात लावण्यापूर्वी त्याला हे तीन शब्द सांगावयास पाच सेकंदही लागत नाहीत.

ह्यावर मंडळाच्या वार्षिक सभेत चर्चा झाली, हे आपणांस स्मरत असेल. मराठी मंडळाच्या पथकाने खलाशी बोलीत आणि इंग्रजीत आज्ञा द्याव्यात, हे काही ज्येष्ठांना रुचले नाही. एकाने 'उत्थान' आणि 'अवरोहण' हे शब्द सुचविले. त्यांच्या भाषाप्रेमाबद्दल आम्हांस आदर आहे; परंतु 'अवरोहण' उच्चारून होईपर्यंत ट्रॉली जमिनीवर आलेली असेल, असे आम्ही नम्रपणे निवेदन केले. सभेत हशा पिकला आणि ठराव मागे पडला. तथापि त्या आक्षेपात एक सत्य होते आणि त्याचा आम्ही पुढे विचार केला. ट्रॉली उचलणाऱ्यांची भाषा सर्वांना समजणारी असावी. पण ट्रॉलीवर पडलेल्या माणसाशी बोलावयाची भाषा त्याची स्वतःचीच असली पाहिजे. म्हणून नायक "तयार?" विचारण्याआधी आमच्यापैकी एक जण रुग्णाजवळ वाकून त्याच्या भाषेत सांगतो: "आजी, आता वर उचलतो आहोत. थोडा हिसका बसेल. हात छातीवर ठेवा." रुग्ण तेलुगू असेल तर हे काम चालकाचे.

अनेक भाषांच्या खांद्यांवरून रुग्ण नेण्याची परंपरा आपल्या देशाला नवी नाही. १८९९ साली दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झाले, तेव्हा गांधीजींनी नाताळातील भारतीयांचे रुग्णसेवा दल उभारले. त्यात सुमारे ११०० माणसे होती आणि त्यांतील बहुसंख्य गिरमिटिये मजूर होते. तमिळ, तेलुगू, हिंदी, गुजराती अशा भाषा बोलणाऱ्या त्या माणसांनी स्पिऑन कोपच्या लढाईतील जखमींना वाहून नेले. काही दिवशी त्यांना स्ट्रेचर घेऊन २० ते २५ मैल चालावे लागले, असे गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे. एवढी वाट एकमेकांशी पाऊल जुळल्यावाचून कापता येत नाही.

आज विजेरीवर स्वतः वर-खाली होणारी स्ट्रेचरे निघाली आहेत. उद्या मंडळाने तसे एक घेतले, तर आमच्या कमरा आपणांस दुवा देतील. परंतु त्यांचे स्वतःचे वजन साध्या ट्रॉलीहून अधिक असते. खाच, पाऊस आणि गैरसमज त्यांनाही चुकत नाहीत. 'तयार' हा शब्द माणसालाच म्हणावा लागेल.

राहता राहिली आजींची हकीकत. सुमारे वर्षभराने त्यांच्या घरून पुन्हा बोलावणे आले. ह्या वेळी चालणे शक्यच नव्हते. काका आमच्याबरोबर आले; उचलण्यास नव्हे, नुसते बोलण्यास. ते आजींच्या पलंगाशी बसले आणि आम्ही काय काय बदलले ते त्यांनी एकेक करून सांगितले. शेवटी म्हणाले, "आणि आजी, तुम्ही 'स्टॉप' म्हणालात, तर आम्ही सारे जागच्या जागी थांबणार." आजी काही बोलल्या नाहीत. खुर्चीवरून त्यांना खाली आणले, ट्रॉलीवर निजवले, पट्टे बांधले. नायकाने विचारले, "तयार?" चारही बाजूंनी "तयार" आले. "हाबेस!" ट्रॉली अर्धी वर आली आणि आजी क्षीण आवाजात म्हणाल्या, "स्टॉप."

आम्ही सारे होतो तसे थांबलो. कोणाचा हात हलला नाही. काका घाबरून पुढे झाले, "काय झाले? कोठे दुखते आहे का?"

"काही नाही," आजी म्हणाल्या. "ऐकता का ते पाहत होते. चला आता."

बंधुभगिनींनो, आमच्या पथकाला मिळालेले हे सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र. ते आम्ही चौकटीत लावू शकत नाही, म्हणून आज आपणांपुढे वाचून दाखवले.

आमची एकच विनंती आहे. दर रविवारी सकाळी ८ वाजता मंडळाच्या मागील अंगणात सराव असतो. काका खुर्चीवर बसून शिकवतात. नव्याने येणाऱ्याला प्रथम ट्रॉलीवर निजावे लागते. पट्टे बांधून त्याला बारा वेळा वर उचलतात आणि बारा वेळा खाली ठेवतात. आपले शरीर चार परक्या हातांवर सोपवणे म्हणजे काय, हे अंगाला कळल्यावरच त्याच्या हाती दांडा दिला जातो. तरुणांनी तर यावेच. पण ज्यांना उचलणे जमणार नाही, अशा वडीलधाऱ्यांनीही यावे. आम्हांला सरावासाठी रुग्ण हवे असतात आणि वेळेवर 'स्टॉप' म्हणणारी माणसेही.